विंचवाचं बिऱ्हाड, सहा चाकांवर



गेल्या महिन्यात नाशिकच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले. त्यांची थोरली बहीण पस्तीस वर्षांपासून अमेरिकेत, न्यू जर्सीत राहते. मुले मार्गी लागली, मेहुणे सेवानिवृत्त झाले आणि आता त्यांच्या मनाने घेतले आहे, की राहते घर विकायचे, एक मोटारहोम घ्यायचे आणि बारा महिने त्यातच संसार करायचा. बहीण रोज रात्री फोनवर रडते. पत्राच्या शेवटी त्या विचारतात, "पासष्टाव्या वर्षी घर विकून रस्त्यावर यायचं, हे काय भलतंच खूळ? ताई, मी तिला काय सांगू?"

एरवी असले पत्र मी बाजूला ठेवले असते. आपल्या या सदरात लोणच्याला बुरशी का येते आणि उशांचे अभ्रे पिवळे का पडतात, याचा खल चालतो. पण या प्रश्नाचे उत्तर मला ऐकीव नव्हे, अनुभवाने देता येण्यासारखे आहे. माझ्या मामेबहिणीने, आमच्या अक्काने, असा सहा चाकांवरचा संसार सहा वर्षे केला आणि त्यातले पाच आठवडे मी तिच्याकडे राहून आले आहे. तेव्हा या बहिणीला जे सांगायचे, ते तुम्हां सर्वांच्याच कानावर घालते.

आधी हे प्रकरण आहे तरी काय?

मोटारहोम म्हणजे आतमध्ये घर असलेली मोटार. तिच्यात बिछाना, ओटा, फ्रीज, न्हाणीघर, संडास सगळे असते. बसएवढी अवाढव्य गाडी असते, साध्या व्हॅनमध्ये बसवलेले चिमुकले घर असते, आणि या दोन्हींच्या मधली, चालकाच्या डोक्यावर पोटमाळ्यासारखा बिछाना असलेलीही असते. अक्काची ही मधली होती. अठ्ठावीस फूट लांब, पुढे दोन चाके, मागे दोन जोड्या. आत सगळी मिळून दोनशे चौरस फूट जागा. म्हणजे आपल्या चाळीतली दीड खोली धरा ना!

अमेरिकेत हे काही कालपरवाचे खूळ नाही. बारमाही गाडीत राहणाऱ्यांचा 'एस्केपीज' नावाचा क्लब जो आणि के पीटरसन या दांपत्याने १९७८ सालीच काढला, आणि टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टन गावी त्याचे मुख्य ठिकाण आहे. थंडी पडली की उत्तरेकडची म्हातारी माणसे पाखरांसारखी दक्षिणेला येतात. ॲरिझोनातले क्वार्टझाइट हे एरवी वाळवंटातले एवढेसे गाव, पण हिवाळ्यात तिथे गाड्यांचा कुंभमेळा भरतो.

सगळेच हौसेने निघतात असेही नाही हं. २००८ च्या मंदीत घरे आणि नोकऱ्या गमावलेली कितीतरी माणसे नाइलाजाने गाडीत राहायला आली. जेसिका ब्रूडर या बाईंनी त्यांच्यावर 'नोमॅडलँड' हे पुस्तक २०१७ साली लिहिले. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ साली ऑस्कर मिळाले. तेव्हा त्या बहिणीला पहिला प्रश्न हाच विचारा, की बाई गं, तुम्ही हौसेने निघालात की पैशाच्या ओढाताणीने? दोन्हींची गणिते वेगळी आहेत.

पाणी आणि फोडणी

अक्काच्या गाडीत पाण्याची टाकी दीडशे लिटरांची. नळाला जोडता येईल असा तळ मिळाला तर प्रश्न नाही, पण उघड्या रानात मुक्काम असला की दोन माणसांना तेवढ्यात आठवडा काढायचा. तिथल्या बायका म्हणे पहिल्या महिन्यात रडकुंडीला येतात. आमची अक्का मात्र सोलापूरच्या पाण्याच्या हालांत वाढलेली! तिने शॉवर बाजूला ठेवला आणि एक बादली, एक तांब्या आणला. "अर्ध्या बादलीत आंघोळ कशी करायची, हे मला कुणी शिकवायला नको," म्हणाली.

भांडी घासण्याआधी ती प्रत्येक ताटाचे खरकटे कागदाने पुसून घेते. त्यामुळे पाणीही कमी लागते आणि सांडपाण्याच्या टाकीला वासही येत नाही. स्वयंपाक कुकरमध्ये. खाली डाळ, मध्ये भात, वरच्या भांड्यात भाजी, एका शिट्टीच्या हिशेबात जेवण तयार. गॅस वाचतो, कारण ओटा, गरम पाणी आणि थंडीत गाडी ऊबदार ठेवणे, हे सगळे त्याच प्रोपेनच्या टाकीवर चालते. तिचा फ्रीजसुद्धा गॅसवर चालायचा. अशा फ्रीजची एक गंमत आहे. गाडी तिरकी उभी असेल तर तो नीट गार होत नाही, आणि तसाच चालू ठेवला तर कायमचा बिघडतो. म्हणून मुक्कामाला पोचले, की भावजींनी चाकांखाली फळ्या सारायच्या आणि अक्काने ओट्यावर पाण्याचा पेला ठेवून पाहायचे.

पहिल्याच दिवशी तिने मोहरी-हिंगाची खमंग फोडणी केली आणि छतावरची धुराची घंटा ठणाणा वाजू लागली! शेजारची दोन माणसे धावत आली. तेव्हापासून फोडणी आणि पापड भाजणे गाडीबाहेर, कनातीखाली, वेगळ्या शेगडीवर. त्या वासाने शेजारी पुन्हा आले, पण या खेपेला आपापली ताटली घेऊन.

एवढ्याशा जागेत कुकरची वाफ कोंडली की खिडक्यांना पाणी सुटते, गाद्यांना खालून बुरशी धरते. म्हणून स्वयंपाक करताना छताची खिडकी थोडी उघडी हवीच. आणि हे मात्र कानात ठेवा: थंडी वाजते म्हणून गॅसची शेगडी पेटवून झोपायचे नाही, कधीही नाही. त्यातून होणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. त्याची सूचना देणारे यंत्र गाडीत असते. ते चालू आहे ना, हे अधूनमधून पाहायचे.

ज्याविषयी कोणी बोलत नाही

आता थोडे नाक धरा. अशा गाडीला सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात. एक मोरी-न्हाणीची, तिला करडी म्हणतात. दुसरी संडासाची, ती काळी. दर काही दिवसांनी ठरलेल्या जागी नळी जोडून त्या रिकाम्या कराव्या लागतात. आधी काळी सोडायची, मग करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. आणि काळीची चावी एरवी बंदच ठेवायची. सतत उघडी ठेवली तर पाणी वाहून जाते, घट्ट ते तळाशी बसते, आणि मग जो प्रसंग ओढवतो त्याचे वर्णन जेवणाच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या या पानावर नको.

हे काम कोणाचे? आमच्या भावजींचे. आयुष्यभर टाय लावून कचेरीत गेलेला माणूस हातमोजे चढवून नळी धरायचा. अक्का म्हणायची, "लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण यांनी संडास साफ केलेला मी पहिल्यांदा पाहिला. एवढ्यासाठी तरी गाडी घेतली ते बरं झालं!"

सामान उपसताना

हसण्याचा भाग झाला. आता रडण्याचा.

चार खोल्यांचे घर दोनशे चौरस फुटांत मावत नाही. अक्काने मुलांना फोन केले, की मोठे जेवणाचे टेबल घ्या, माझी पितळी भांडी घ्या. मुले म्हणाली, "आई, आमच्याकडे जागा नाही." यात मुलांचा दोष नाही. पण ज्या वस्तू आपण तीस वर्षे 'मुलांसाठी' म्हणून पुसूनपासून ठेवल्या, त्या मुलांना नकोच आहेत, हे पचायला अक्काला घर विकण्यापेक्षा जड गेले. काही सामान तिने भाड्याच्या खोलीत टाकले. दोन वर्षांनी हिशेब केला तेव्हा भाडे सामानाच्या किमतीच्या वर गेले होते.

पुढे गाडी काट्यावर नेली तर वजन मर्यादेपेक्षा जास्त! अशा गाड्यांना किती वजन पेलते ते ठरलेले असते, आणि ते ओलांडले तर टायर आणि ब्रेक दगा देतात. मग नवराबायकोत वाद. त्यांच्या हत्यारांची पेटी जड की हिचे स्टीलचे डबे? शेवटी समेट झाला. एक पेटी गेली, एक पितळी खलबत्ता गेला. देवांची डबी, आईची नथ आणि पुरण वाटायचे यंत्र, एवढे अक्काने कोणालाही हात लावू दिले नाही.

पैशाचे काय?

पुष्कळांना वाटते, घर नाही म्हणजे खर्च नाही. तसे नसते बायांनो. एक लिटर पेट्रोलला अशी गाडी जेमतेम तीन-चार किलोमीटर जाते. टायर झिजले नसले तरी सहा-सात वर्षांत वयानेच निकामी होतात. टायरच्या कडेवरच्या शेवटच्या चार आकड्यांत तो कोणत्या वर्षी, कितव्या आठवड्यात बनला हे लिहिलेले असते, जुनी गाडी घेताना ते वाचावे. शिवाय घराची किंमत बहुधा वाढते, गाडीची मात्र दरसाल उतरते. म्हणून घराचा सगळा पैसा गाडीत घालणे म्हणजे पुरणपोळीच्या पैशात पत्रावळ घेणे.

सवलतीही आहेत. बासष्टी ओलांडलेल्या नागरिकाला किंवा तिथे कायम राहण्याचा परवाना असलेल्याला राष्ट्रीय उद्यानांचा आजन्म पास मिळतो. पूर्वी तो दहा डॉलरला होता, २०१७ पासून ऐंशीला आहे. त्यावर सरकारी तळांचे भाडेही पुष्कळ ठिकाणी निम्मे पडते. पश्चिमेकडच्या मोकळ्या सरकारी जमिनींवर बहुतेक ठिकाणी चौदा दिवस फुकट राहता येते, मग मात्र जागा सोडावी लागते. क्वार्टझाइटजवळ ठरावीक शुल्क भरून १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा मोठा मुक्कामही करता येतो.

एक कागदोपत्री भाग. घर विकले तरी कायद्याला पत्ता लागतोच. दक्षिण डाकोटा, टेक्सास, फ्लॉरिडा या राज्यांत राज्याचा आयकर नाही, म्हणून पुष्कळ जण तिथला पत्ता घेतात आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या संस्थेचे वर्गणीदार होतात. पत्त्याबरोबर औषधपाण्याच्या विम्याचा विचार आधी करावा. तो का, ते पुढच्या प्रसंगावरून कळेल.

ती रात्र

२०१८ सालचा जानेवारी महिना. क्वार्टझाइटच्या बाहेर, वाळवंटात आमचा मुक्काम होता. रात्री दोनच्या सुमाराला अक्काने मला हलवून उठवले. भावजी बिछान्यावर बसलेले, घामाने निथळत होते, छातीवर हात. अक्काने फोन लावला. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, "तुमचा पत्ता सांगा."

पत्ता! आम्ही दोघी एकमेकींच्या तोंडाकडे पाहत राहिलो. ना रस्त्याला नाव, ना घराला नंबर. बाहेर मिट्ट काळोख. कोणत्या वळणावरून आत आलो, ते फक्त भावजींना ठाऊक. आणि गाडी? ती अठ्ठावीस फुटांची गाडी सहा वर्षांतल्या पहिल्या तीन वर्षांत अक्काने एकदाही चालवली नव्हती. "हे आहेत ना," म्हणून. मी तर पुण्यात स्कूटरवरून पुढे कधी गेले नाही. ज्या घराला चाके आहेत, त्या घरात आम्ही दोघी अडकून पडलो होतो.

शेजारच्या गाडीत सत्तरी ओलांडलेली एक एकटी बाई राहायची. मिनेसोटाकडची, नवरा जाऊन पाच वर्षे झालेली. आमच्या गाडीतला दिवा पाहून तीच आली. तिने फोन हातात घेतला, आकडे वाचावेत तशी जागा सांगितली, आणि हातात विजेरी घेऊन मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जाऊन उभी राहिली. रुग्णवाहिका आली. मागोमाग आम्हां दोघींना तिने आपल्या छोट्या मोटारीतून रुग्णालयात नेले.

भावजी वाचले. आठ दिवसांनी परत आले. त्या आठ दिवसांत त्या बाईने अक्काला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, "माझा नवरा गेला तेव्हा मला गाडी येत होती, म्हणून मी अजून माझ्या घरात आहे."

तातडीचा खर्च विम्याने दिला. पण भावजींचा विमा होता एका भागापुरत्या डॉक्टरांच्या यादीचा. पुढच्या तपासण्यांना प्रत्येक वेळी 'हे डॉक्टर यादीत नाहीत' ही आडकाठी. पासष्टाव्या वर्षी सरकारचा मूळचा मेडिकेअर आणि त्याला जोड देणारा पूरक विमा घेतला असता तर तो घेणाऱ्या कोणत्याही राज्यातल्या डॉक्टरकडे जाता आले असते. पहिल्या सहा महिन्यांत पूरक विमा प्रकृतीची चौकशी न करता मिळतो, नंतर बहुतेक राज्यांत कंपनी आजार विचारून नकार देऊ शकते. भावजींची ती वेळ टळून गेली होती.

अक्का गाडी शिकली, सहासष्टाव्या वर्षी. आधी रिकाम्या मैदानात, मग रस्त्यावर. तिथल्या बहुतेक राज्यांत सव्वीस हजार पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे बारा टनांच्या आतल्या अशा गाडीला साधा परवानाच चालतो. पुढल्या उन्हाळ्यात तिने मला फोटो पाठवला. पंजाबी ड्रेस, कपाळावर टिकली, आणि हात स्टिअरिंगवर. खाली लिहिले होते, 'आता हे शेजारी बसून घाबरतात.'

मग तिला काय सांगाल?

नाशिकच्या भगिनी, तुमच्या बहिणीला 'जाऊ नकोस' असे सांगू नका, 'जा' असेही सांगू नका. एवढ्या अटी मात्र मेहुण्यांपुढे ठेवायला सांगा.

पहिली, घर आधी विकायचे नाही. एक गाडी महिनाभर भाड्याने घ्यायची, तीही पावसाथंडीत. मग वर्षभर घर भाड्याने देऊन पाहायचे.

दुसरी, घर विकलेच तर परत चार भिंतींत येण्यापुरता पैसा वेगळा, आणि दोघांच्या नावावर. कधीतरी परत यावे लागतेच. म्हातारपण कोणाच्या गाडीला चुकलेले नाही.

तिसरी, गाडी चालवणे, उभी करणे, टाक्या रिकाम्या करणे, गॅस बंद करणे हे सगळे दोघांनाही आले पाहिजे. महिन्यातून एक दिवस सगळे तिने करायचे, त्यांनी हातावर हात ठेवून बसायचे.

चौथी, मुक्कामाला पोचले की जागेचा ठावठिकाणा एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाराशी लावायचा. औषधांची यादी त्याच्याच खाली. फोनला तिथे संपर्क मिळतो का, तेही झोपण्याआधी पाहायचे.

पाचवी, विमा ठरवूनच राज्य ठरवायचे. त्यासाठी जाणकाराचा सल्ला घ्यायला थोडे पैसे गेले तरी जाऊ देत.

सहावी सांगायला सोपी, पाळायला अवघड. दोनशे चौरस फुटांत चोवीस तास दोघेच. रुसून जायला दुसरी खोलीसुद्धा नाही! अक्का-भावजींनी नेम केला होता. सकाळी दोन तास तो गाडीबाहेर, संध्याकाळी दोन तास ती. त्या दोन तासांत कोणी कोणाला हाक मारायची नाही.

आपल्याकडेही हे वारे येते आहे बरं का. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा गाड्यांच्या पर्यटनाचे धोरण आणले. आठ दिवसांच्या सहलीला म्हणून कोणी जात असाल तर फोडणी, पाणी आणि टाक्यांचे वरचे नियम तुम्हांलाही लागू पडतील.

अक्काचे पुढे काय झाले, हे विचारालच. २०२० च्या वसंतात करोनामुळे ठिकठिकाणची उद्याने आणि तळ बंद झाले, तेव्हा मुलाच्या दारात गाडी उभी करून त्यांनी तीन महिने काढले. २०२१ साली गाडी विकली आणि मुलाच्या गावात दोन खोल्यांचे घर भाड्याने घेतले. मी फोनवर विचारले, "अक्का, पस्तावलीस का गं?"

ती म्हणाली, "घर मोडलं तेव्हा वाटलं होतं, माझं सगळं गेलं. आता सहा वर्षांनी दोन खोल्या पाहिल्या तर वाटलं, बाई, एवढी जागा घेऊन करायचं काय? पण एक सांगू? गाडी शिकले नसते, तर पस्तावले असते."

नाशिकच्या भगिनी, तुमच्या बहिणीला हे पान वाचून दाखवा. आणि तिने काय ठरवले, ते मला जरूर कळवा.

पुढल्या आठवड्यात नेहमीप्रमाणे आपल्या स्वयंपाकघरात भेटू. साबुदाण्याच्या पापड्या वाळवताना का चिरतात, अशी सात पत्रे आली आहेत!